निर्दोष सुटलेला दिग्दर्शक

दामले-फत्तेलाल यांचा ‘संत तुकाराम’ १९३७ साली व्हेनिसच्या चित्रपट महोत्सवात दाखवला गेला आणि तिथे त्याची खास दखल घेतली गेली, हे आपल्याकडे चित्रपटाविषयी दोन ओळी वाचलेल्या माणसालाही ठाऊक असते. त्या वर्षी तिथे आणखी कोणते चित्रपट होते, हे पाहण्याच्या भानगडीत मात्र फारसे कोणी पडत नाही. ‘प्रभात’विषयीची टिपणे जमवताना मी पडलो. त्या साली सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा चषक एमिल यानिंग्स या जर्मन नटाला मिळाला होता आणि चित्रपट होता ‘डेर हेर्शर’, म्हणजे ‘सत्ताधीश’. पटकथाकारांत थेआ फॉन हार्बू हे नाव दिसले. बेळगावकडच्या आयी तेंडुलकरांशी या बाईंचे नाते जुळले होते, त्यामुळे ते नाव मराठी वाचकाला अगदीच परके नाही. दिग्दर्शकाचे नाव मात्र मी तोवर ऐकलेले नव्हते. फाइट हार्लान.

मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक आहे. इतिहासाची किंवा चित्रपटशास्त्राची पदवी माझ्याकडे नाही आणि जर्मन भाषा चाळिशीनंतर, शब्दकोश शेजारी ठेवून वाचता येईल एवढीच शिकलो. पण पंचवीस वर्षे दुसऱ्यांची निकालपत्रे टंकल्यामुळे निकाल कसा वाचायचा हे थोडेफार कळते. ‘प्रभात’ बाजूला राहिले आणि मी हार्लानच्या मागे लागलो, याचे कारण हेच. या माणसाच्या आयुष्यातली सर्वांत महत्त्वाची कागदपत्रे पटकथा नसून निकालपत्रे आहेत. त्याच्यावरचा खटला दोनदा चालला आणि दोन्ही वेळा तो निर्दोष सुटला. त्यानंतर तिसऱ्याच एका खटल्यात, ज्यात तो स्वतः पक्षकारही नव्हता, त्याच्या नावावरून जर्मनीच्या घटनात्मक कायद्याचा पाया घातला गेला.

हार्लानचा जन्म २२ सप्टेंबर १८९९ चा, बर्लिनमधला. वडील वाल्टर हार्लान नाटककार. पहिल्या महायुद्धात हा पोरगेल्या वयात स्वयंसेवक म्हणून गेला आणि परत आल्यावर रंगभूमीकडे वळला. १९२४ पासून दहा वर्षे तो बर्लिनच्या सरकारी नाट्यगृहात नट होता. लेओपोल्ड येस्नर हा ज्यू दिग्दर्शक तेव्हा तिथला प्रमुख. आधुनिक जर्मन रंगभूमी ज्यांनी घडवली त्यांत येस्नरचे नाव वरचे आहे. म्हणजे हार्लानची तालीम उत्तम जागी झाली. मूकपटांच्या काळात तो पडद्यावरही आला. ‘डी होझं’ (१९२७) या चित्रपटात वेर्नर क्राउससारख्या मातब्बर नटाबरोबर त्याने काम केले आहे. नट म्हणून तो बरा होता, पहिल्या रांगेतला नव्हता. तापट, भांडखोर आणि भूमिकेसाठी हपापलेला, अशी त्याची ख्याती होती.

१९२२ साली त्याने डोरा गेर्सोन या अभिनेत्री-गायिकेशी लग्न केले. ती ज्यू होती. लग्न दोन वर्षांत मोडले. तिच्या गाण्याच्या ध्वनिमुद्रिका आजही ऐकायला मिळतात. आवाज जरा जाडसर, कॅबेरेला शोभणारा आहे. या डोराचे पुढे काय झाले ते योग्य ठिकाणी सांगतो.

१९३३ साली हिटलर सत्तेवर आला. येस्नर परागंदा झाला. हार्लानने त्याच वर्षी मे महिन्यात नाझी पक्षाच्या मुखपत्रात मुलाखत देऊन नव्या राजवटीला आपला पाठिंबा जाहीर केला. हे त्याला कोणी करायला लावले होते असा दावा पुढे त्याच्या वकिलांनाही नीट करता आला नाही. एका साली कितीतरी चांगल्या जागा एकदम रिकाम्या झाल्या होत्या, एवढे लक्षात ठेवले म्हणजे पुरे.

१९३५ मध्ये तो चित्रपट-दिग्दर्शक झाला. पहिले चित्रपट हलकेफुलके, झटपट उरकलेले होते. ‘सत्ताधीश’ने त्याचे नशीब उघडले. गेर्हार्ट हाउप्टमानचे नाटक हे मूळ. एक वृद्ध, विधुर कारखानदार तरुण सेक्रेटरीच्या प्रेमात पडतो आणि इस्टेटीला धोका आहे असे पाहून मुले त्याला वेडा ठरवायला निघतात. आपल्या ‘नटसम्राट’च्या प्रेक्षकाला ओळखीचे वाटावे असे दुःख. नाटकात म्हातारा आत्महत्या करतो. चित्रपटात तो मरत नाही. पोरांना बेदखल करून सगळा कारखाना राष्ट्राला देऊन टाकतो आणि आपला वारस कामगारांतूनच उठेल असे सांगतो. नाटकाचा शेवट बदलला की नाटक कोणाचे होते, याचा हा नमुना आहे. चित्रपटाला राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. गोबेल्सची नजर हार्लानवर गेली ती तेव्हाच.

आता ज्या चित्रपटासाठी हे सगळे सांगायचे त्याकडे येतो: ‘यूद झ्यूस’, म्हणजे ‘ज्यू झ्यूस’, १९४०.

योझेफ झ्यूस ओपनहायमर हा खराखुरा माणूस होता. अठराव्या शतकात व्युर्टेम्बर्ग संस्थानच्या कार्ल अलेक्झांडर या ड्यूकचा तो सावकार आणि आर्थिक सल्लागार. नवे कर बसवून तिजोरी भरण्याचे काम त्याच्याकडे होते, त्यामुळे प्रजेचा आणि दरबाऱ्यांचा राग ड्यूकवर न जाता त्याच्यावर साचला. मार्च १७३७ मध्ये ड्यूक अचानक वारला आणि त्याच रात्री झ्यूसला पकडण्यात आले. खटल्याचा देखावा झाला आणि ४ फेब्रुवारी १७३८ रोजी स्टुटगार्टला त्याला फाशी दिले. प्रेत लोखंडी पिंजऱ्यात घालून कित्येक वर्षे तसेच टांगून ठेवले होते. धर्मांतर केल्यास बरे, असे सुचवणारे पाद्री त्याच्या कोठडीत येत. त्याने नकार दिला.

या माणसावर विल्हेल्म हाउफने १८२७ मध्ये दीर्घकथा लिहिली. १९२५ मध्ये लिओन फॉइष्टवांगर या ज्यू लेखकाने त्याच्यावर कादंबरी लिहिली आणि ती जगभर गाजली. तिच्यावरून १९३४ साली इंग्लंडमध्ये चित्रपटही झाला, त्यात झ्यूसविषयी सहानुभूती होती. म्हणजे गोबेल्सच्या हाती आलेले कथानक आधीच लोकप्रिय होते. ते उलटे करायचे होते, एवढेच. १९३८ च्या नोव्हेंबरात ज्यूंची दुकाने आणि प्रार्थनामंदिरे जाळली गेल्यानंतर प्रत्येक निर्मितीसंस्थेने ज्यूविरोधी चित्रपट काढावा असा त्याचा लकडा होता. ‘टेरा’ कंपनीने हा विषय घेतला. आधी दुसरा दिग्दर्शक नेमलेला होता. काम रखडले, आणि १९३९ च्या अखेरीस ते हार्लानकडे आले. त्याने आधीची पटकथा पुन्हा लिहिली. श्रेयनामावलीत लेखक म्हणूनही त्याचे नाव आहे. नायिकेच्या भूमिकेत त्याने आपल्या तिसऱ्या बायकोला, क्रिस्टीना झ्योडरबाउम या स्वीडिश अभिनेत्रीला घेतले. प्रार्थनामंदिराच्या दृश्यासाठी प्राग शहरातले ज्यू आणून उभे केले. त्या लोकांना ना नकार देता येत होता, ना आपण कशात दिसणार आहोत हे विचारता येत होते.

मी हा चित्रपट दोनदा पाहिला आहे. तो बटबटीत असेल, आज हसू येईल, अशी माझी समजूत होती. तसे झाले नाही. सुरुवातीला लांब अंगरख्यातला, दाढीवाला झ्यूस फ्रँकफुर्टच्या ज्यू वस्तीत दिसतो, आणि प्रतिमा हळूहळू एकमेकींत विरघळत तोच चेहरा गुळगुळीत दाढी केलेल्या, बग्गीत बसलेल्या गृहस्थाचा होतो. शब्द एकही नाही. ‘तुमच्या शेजारी बसलेला सभ्य माणूस कोण असेल सांगता येत नाही’ हा सगळ्या राजवटीचा विखार त्या एका बदलात भरलेला आहे. पुढे झ्यूस ड्यूकसमोर टेबलावर नाणी ओततो आणि ती नाणी पाहता पाहता नाचणाऱ्या मुली होतात. हे ज्याला सुचले त्याला आपले काम येत होते.

चित्रपटाचा कळसाचा प्रसंग इतिहासात कुठेच नाही. डोरोथेया या तरुणीच्या नवऱ्याला झ्यूस पकडून छळायला लावतो. खिडकीतून रुमाल दाखवला की छळ थांबायचा, असा संकेत ठरतो, आणि त्या किमतीवर तो तिच्यावर अत्याचार करतो. ती नदीत जीव देते. नवरा तिचे प्रेत हातांवर घेऊन मशालींच्या उजेडात येतो आणि शहर पेटून उठते. शेवटी बर्फ पडत असताना फाशी, आणि सगळ्या ज्यूंनी राज्य सोडावे असा हुकूम. हे सारे बनावट आहे हे मला माहीत होते. तरी रुमालाच्या प्रसंगी मी खुर्चीत पुढे सरकून बसलो होतो, तो रुमाल लवकर हलावा म्हणून. नंतर बराच वेळ मला स्वतःच्या त्या पुढे सरकण्याची भीती वाटत राहिली.

त्याच वर्षी नोव्हेंबरात ‘डेर एविगं यूद’ नावाचा दुसरा प्रचारपट आला. त्यात ज्यूंची तुलना थेट उंदरांच्या झुंडींशी केली होती. लोकांनी त्याच्याकडे पाठ फिरवली. ‘यूद झ्यूस’ मात्र सुमारे दोन कोटी लोकांनी पाहिला. उंदीर पाहायला कोणी तिकीट काढत नाही. अब्रू लुटलेली नायिका, हतबल नवरा आणि शेवटी खलनायकाला फाशी, याला काढतात. हार्लानचा खरा वाटा इथे आहे. द्वेष त्याने शोधून काढला नाही, तो बाजारात होताच. त्याला कौटुंबिक चित्रपटाचे रूप देऊन घरच्या मंडळींसह पाहण्याजोगा करणे हे त्याचे काम, आणि ते गोबेल्सच्या खात्यातल्या कुठल्याही कारकुनाला जमले नसते.

पहिला खेळ सप्टेंबर १९४० मध्ये झाला तोही व्हेनिसलाच. तीन वर्षांपूर्वी जिथे तुकोबांचे कौतुक झाले त्याच ठिकाणी. इटलीतल्या एका तरुण समीक्षकाने त्याची स्तुती लिहिली. हा समीक्षक पुढे मिकेलांजेलो आंतोनियोनी म्हणून जगप्रसिद्ध दिग्दर्शक झाला. ३० सप्टेंबरला हिमलरने हुकूम काढला की एस.एस. आणि पोलीस दलातल्या सर्वांनी येत्या हिवाळ्यात हा चित्रपट पाहावा. छळछावण्यांच्या पहारेकऱ्यांनाही तो दाखवला गेला. १९६३ ते ६५ दरम्यान फ्रँकफुर्टला आउशवित्झचा खटला चालला, तेव्हा श्टेफान बारेत्स्की या आरोपी पहारेकऱ्याने सांगितले की असे चित्रपट दाखवल्यानंतर कैद्यांना त्याचे परिणाम भोगावे लागत. फॉइष्टवांगर तोवर अमेरिकेला पोचला होता. चित्रपटातल्या कित्येक नटांना तो ओळखत होता, काहींनी त्याच्या नाटकांत कामे केली होती. त्याने त्यांना उद्देशून अनावृत पत्र लिहिले.

डोरा गेर्सोन नवरा आणि दोन मुलांसह हॉलंडला पळाली होती. तिथून स्वित्झर्लंड गाठण्याच्या प्रयत्नात ते पकडले गेले. १४ फेब्रुवारी १९४३ रोजी आउशवित्झमध्ये चौघांचीही हत्या झाली. पुढच्याच महिन्यात सरकारने तिच्या पूर्वीच्या नवऱ्याला ‘प्रोफेसर’ ही पदवी दिली.

युद्धाच्या उरलेल्या वर्षांत हार्लान हा जर्मनीतला सर्वांत महागडा दिग्दर्शक होता. आगफाच्या रंगीत फिल्मवर त्याने ‘डी गोल्डनं श्टाट’, ‘इमेनझे’, ‘ओप्फरगांग’ असे चित्रपट काढले. ‘प्रभात’ने ‘सैरंध्री’ रंगीत करण्यासाठी १९३३ साली जर्मनीचीच वाट धरली होती आणि ते रंग फसले होते. दहा वर्षांत तंत्र कुठे पोचले ते हार्लानच्या चित्रपटांत दिसते. बहुतेक कथांत झ्योडरबाउम शेवटी पाण्यात बुडून मरायची. लोकांनी तिचे नावच ‘सरकारी जलप्रेत’ असे पाडले होते. हुकूमशाहीतही विनोद होतात ते असे.

‘कोलबेर्ग’ हा त्याचा शेवटचा मोठा उद्योग. नेपोलियनच्या सैन्याला १८०७ मध्ये दाद न देणाऱ्या गावाची ही गोष्ट, १९४३ च्या जूनमध्ये खुद्द गोबेल्सने लेखी आदेश देऊन काढायला लावलेली. खर्च ऐंशी लाख मार्कांच्या वर गेला. सैन्य आघाडीवर कमी पडत असताना हजारो सैनिक जुने गणवेश चढवून चित्रीकरणासाठी उभे राहिले. हार्लानने नंतर सांगितलेला आकडा १,८७,००० चा आहे, पण तो फुगवलेला आहे हे उघड आहे. नट आकडे सांगू लागला की दोन शून्ये कमी करून ऐकावीत. ३० जानेवारी १९४५ ला पहिला खेळ झाला, बर्लिनमध्ये आणि शत्रूच्या वेढ्यात अडकलेल्या फ्रान्समधल्या ला रोशेल बंदरात. तिथे चित्रपटाची रिळे विमानातून टाकली होती. खरे कोलबेर्ग मार्चमध्ये पडले. सध्या ते पोलंडमध्ये आहे.

युद्ध संपले. झ्यूसची भूमिका करणारा फेर्डिनांड मारियान १९४६ मध्ये मोटार अपघातात गेला. ड्यूक झालेला हाइनरिश गेओर्ग रशियनांच्या छावणीत मेला. वेर्नर क्राउसवर काही काळ बंदी आली. हार्लान हॅम्बुर्गला राहत होता, आणि ‘नाझीमुक्ती’च्या चौकशीत त्याला चक्क निष्कलंक ठरवण्यात आले. नाझींच्या छळातून वाचलेल्यांच्या संघटनांनी ओरड केली तेव्हा त्याच्यावर मानवतेविरुद्धच्या गुन्ह्याचा खटला उभा राहिला. एका चित्रपट-दिग्दर्शकावर, त्याने केलेल्या एका चित्रपटासाठी.

३ मार्च १९४९ ला सुनावणी सुरू झाली. हार्लानचा बचाव साधा होता. गोबेल्सने भाग पाडले, मी सैन्यात जायची तयारी दाखवली तीही मानली नाही, फाशीच्या वेळी झ्यूसच्या तोंडी मी जे भारदस्त शापवचन दिले होते ते गोबेल्सने कापले. सरकार पक्षापुढची अडचण याहून मोठी होती. खुनाच्या खटल्यात सुरा दाखवता येतो, हात दाखवता येतो. इथे दोन कोटी प्रेक्षकांपैकी अमुक माणूस चित्रपट पाहून बाहेर पडला आणि म्हणून त्याने अमुक ज्यूला मारले, अशी साखळी सिद्ध करायची होती. न्यायालय म्हणाले, चित्रपट आणि छळ यांतला कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही. २३ एप्रिलला हार्लान सुटला. चाहत्यांनी त्याला खांद्यावर घेऊन मिरवले. निकाल देणारे न्यायाधीश वाल्टर टिरोल्फ नाझी काळात हॅम्बुर्गच्या विशेष न्यायालयात सरकारी वकील होते आणि त्यांनी अनेकांसाठी मृत्युदंड मागितला होता, हे इथे नोंदवून ठेवतो.

ब्रिटिश विभागाच्या कोलोन येथील सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल रद्द केला आणि खटला पुन्हा चालवायला पाठवला. दुसरा निकाल २९ एप्रिल १९५० चा. माझ्या मते तो पहिल्यापेक्षा कितीतरी अधिक वाचण्यासारखा आहे. या वेळी न्यायालयाने मान्य केले की चित्रपटाने छळाला हातभार लावला आणि करणाऱ्याला त्याची जाणीव होती. गुन्ह्याचे सारे घटक इथे हजर आहेत. पण नकार दिला असता तर त्याच्या जिवाला किंवा स्वातंत्र्याला धोका होता, सबब दबावाखाली केलेले कृत्य म्हणून सुटका. आमच्या कोर्टातल्या भाषेत सांगायचे तर शेवटच्या परिच्छेदात तो सुटला आणि आधीच्या सगळ्या परिच्छेदांत सापडला.

दबावाचा हा मुद्दा मला पटत नाही. गोबेल्सला नाही म्हणणे सोपे नव्हते हे खरे. पण दबावाखाली माणूस काम करतो तेव्हा ते कामापुरते करतो. रिळे भरतील एवढे करून देता येते; कंटाळवाणा चित्रपट काढायला कोणीही मृत्युदंड दिलेला नाही. नाण्यांच्या नर्तकी करायला कोणी सांगितले होते? रुमाल कोणी सांगितला होता? एखाद्या दृश्यात जीव ओतलेला असतो तेव्हा तो दिसतो, आणि ‘यूद झ्यूस’मध्ये तो जागोजाग दिसतो. कायद्याला मात्र जीव ओतला की नाही हे मोजता येत नाही, हेही तितकेच खरे.

इथे दुसरा माणूस गोष्टीत येतो. एरिश ल्यूट. हा हॅम्बुर्ग सरकारचा प्रसिद्धी-अधिकारी आणि तिथल्या प्रेस क्लबचा अध्यक्ष. २० सप्टेंबर १९५० रोजी जर्मन चित्रपट सप्ताहाच्या उद्‌घाटनात, चित्रपटगृहांचे मालक आणि वितरक समोर बसलेले असताना, तो म्हणाला की जर्मन चित्रपटाची गेलेली अब्रू परत मिळवायला ‘यूद झ्यूस’चा दिग्दर्शक सर्वांत कमी लायक आहे. हार्लानचा युद्धोत्तर पहिला चित्रपट ‘उनश्टेर्ब्लिशं गेलिब्टं’ येऊ घातला होता. निर्मात्याने खुलासा मागितला, तेव्हा ल्यूटने अनावृत पत्र काढले. हार्लान केवळ औपचारिकदृष्ट्या निर्दोष आहे, निकालाची कारणे वाचाल तर ती नैतिकदृष्ट्या शिक्षाच आहे, असे त्याने लिहिले. आणि वितरकांनी व प्रेक्षकांनी या चित्रपटावर बहिष्कार टाकणे हा सभ्य जर्मनांचा हक्कच आहे, किंबहुना कर्तव्य आहे, असेही.

निर्माता आणि वितरक कंपनी कोर्टात गेल्या. जर्मन दिवाणी संहितेत कलम ८२६ आहे: सद्वर्तनाचे संकेत मोडून जाणूनबुजून दुसऱ्याचे नुकसान करणाऱ्याने ते भरून द्यावे. हॅम्बुर्गच्या न्यायालयाने २२ नोव्हेंबर १९५१ रोजी ल्यूटविरुद्ध निकाल दिला. खटल्यातून सुटलेल्या माणसाला त्याचा धंदा करू द्यायला हवा. बहिष्काराची हाक देणे सद्वर्तनाच्या विरुद्ध आहे. म्हणजे ‘यूद झ्यूस’ काढणारा सुटला आणि ‘याचा चित्रपट पाहू नका’ म्हणणाऱ्याचे तोंड बंद झाले. १९५२ च्या जानेवारीत फ्रायबुर्गला हार्लानच्या चित्रपटाविरुद्ध निदर्शने करणाऱ्या विद्यार्थ्यांना पोलिसांनी दंडुक्यांनी झोडपले. त्याच १९५१ साली, जूनमध्ये, आपल्याकडे पहिली घटनादुरुस्ती होऊन भाषणस्वातंत्र्यावरची बंधने वाढवली गेली. दोन्ही घटना तेव्हा नव्या कोऱ्या होत्या, आणि शब्दांचा अर्थ काय धरायचा हे दोन्हीकडे अजून ठरायचे होते.

ल्यूट घटना न्यायालयात गेला. सहा वर्षे वाट पाहावी लागली. १५ जानेवारी १९५८ रोजी कार्ल्सरुहेच्या न्यायालयाने जो निकाल दिला तो आज जर्मनीत कायद्याच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला वाचावा लागतो. मूलभूत हक्क सरकारपासून संरक्षण देतात, पण त्यांचे काम तिथे संपत नाही, असे न्यायालयाने म्हटले. ते मूल्यांची एक व्यवस्था उभी करतात आणि दोन खासगी माणसांमधल्या दिवाणी वादातही कायद्याचा अर्थ त्या मूल्यांच्या उजेडात लावावा लागतो. ‘सद्वर्तन’ हा शब्द मोकळा आहे. त्यात काय भरायचे हे घटनेला विचारून ठरवा. ल्यूटला यातून पैसा मिळवायचा नव्हता, तो धंद्यातला प्रतिस्पर्धी नव्हता. ज्यूंविषयी जर्मनीचे मन बदलले आहे की नाही, या सगळ्या देशाला भिडणाऱ्या प्रश्नावर तो नागरिक म्हणून बोलत होता. निर्मात्याच्या गल्ल्यापेक्षा ते बोलणे मोलाचे आहे.

न्यायालयाने हार्लानचे चित्रपट बंद करा असे कुठेही म्हटलेले नाही. ल्यूटनेही ते मागितले नव्हते. हार्लानला चित्रपट काढण्याची मुभा होती आणि ल्यूटला ‘पाहू नका’ म्हणण्याची. बहिष्कार म्हटला की आपल्याकडे चित्रपटगृहाच्या काचा, जळालेली पोस्टर्स आणि खेळ स्वतःहून मागे घेणारा मालक डोळ्यांपुढे येतो, म्हणून हा फरक मला जपून ठेवावासा वाटतो. याची हद्द त्याच न्यायालयाने अकरा वर्षांनी आखून दिली. हॅम्बुर्गचे एक लहान साप्ताहिक पूर्व जर्मनीच्या रेडिओचे कार्यक्रम छापत असे. बड्या वृत्तपत्रसमूहाने विक्रेत्यांना कळवले की ते साप्ताहिक ठेवाल तर आमची वृत्तपत्रे मिळणार नाहीत. १९६९ च्या ‘ब्लिंकफ्यूर’ निकालात न्यायालय म्हणाले, याला मतस्वातंत्र्य म्हणत नाहीत. समोरच्याला पटवायचे असते. त्याची भाकरी अडवून त्याला वाकवले तर मत उरतच नाही.

हार्लान या काळात चित्रपट काढतच होता. १९५३-५४ मध्ये त्याने सिलोनमध्ये जाऊन ‘कोलंबोवरील तारे’ आणि ‘महाराजाची बंदिनी’ अशी दोन रंगीत चित्रे केली. १९५७ चा त्याचा समलिंगी संबंधांवरचा चित्रपट प्रमाणन मंडळाने अडवला आणि काटछाट करून सोडला. जुनी धार यांतल्या कशातच नाही. १३ एप्रिल १९६४ रोजी तो काप्री बेटावर वारला. दोन वर्षांनी आत्मचरित्र निघाले, ‘माझ्या चित्रपटांच्या छायेत’. त्यातही तो परिस्थितीचा बळीच आहे. झ्योडरबाउम पुढे म्युनिकला छायाचित्रकार झाली.

मोठा मुलगा टोमास दुसऱ्या बायकोपासूनचा. १९६० च्या सुमारास तो पोलंडमधल्या दफ्तरखान्यांत बसून मोकळे फिरणाऱ्या नाझी गुन्हेगारांची नावे काढत होता. पुढे तो लेखक आणि दिग्दर्शक झाला. हार्लानची पुतणी क्रिस्टियानं हिने स्टॅनली क्युब्रिकशी लग्न केले. क्युब्रिक ज्यू कुटुंबातला. लग्नाआधी, १९५७ मध्ये, तो हार्लानला एकदा भेटला होता आणि त्या काळच्या चित्रपटसृष्टीवर चित्रपट काढावा असे त्याच्या मनात बराच काळ घोळत होते. तो झाला नाही. २००८ मध्ये फेलिक्स म्यॉलरने या कुटुंबावर माहितीपट काढला. त्यात मुले, नातवंडे, पुतणे एकामागून एक बोलतात, आणि आजोबांविषयी त्यांतल्या दोघांचेही मत पुरते जुळत नाही.

‘यूद झ्यूस’ जर्मनीत ‘राखीव चित्रपटां’च्या यादीत आहे. त्याचे हक्क मुर्नाउ प्रतिष्ठानकडे आहेत. सर्वसाधारण प्रदर्शनाला तो मिळत नाही. कोणाला दाखवायचाच असेल तर आधी जाणकाराने प्रास्ताविक करायचे आणि नंतर प्रेक्षकांना बसवून चर्चा घ्यायची, या अटीवर रिळे दिली जातात.